सव्वा मूठ आणि खिशातला काटा

साबणाच्या वडीएवढा एक डिजिटल काटा अजून माझ्या कपाटात आहे. त्याच्यावर आता आकडे उमटत नाहीत. सेल बसवायच्या जागी हिरवट गंज चढला आहे. मुलाने दोनदा तो भंगारात टाकायला काढला आणि दोन्ही वेळा मी तो उचलून पुन्हा कपाटात ठेवला.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षे. धुळ्याकडून सुरतेत आलेल्या शेकडो घरांपैकी आमचे एक. मी पत्नी आणि लहान मुलासह पांडेसऱ्यात एका खोलीत राहत होतो. आई थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे, जवळच्याच भेस्तान भागात होती. दादा लूमच्या कारखान्यात होता. मी एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये शेड जुळवीत असे. व्यापाऱ्याने पाठवलेली चिंधी पाहायची आणि तोच रंग दहा ग्रॅम कापडावर उतरवून दाखवायचा, हे माझे काम. रंगाचे सारे गणित कापडाच्या वजनावर चालते. वर लॅबमध्ये एक चिमूट चुकली, तर खाली मशीनवर अख्खा लॉट पोपटीऐवजी शेवाळी होऊन निघतो. त्यामुळे अंदाजाने काही घेणे ही गोष्ट माझ्या हातांना हळूहळू अशक्यच झाली होती.

हा काटा मात्र मिलचा नव्हे. आमच्या मागच्या गल्लीत हिऱ्यांना पैलू पाडणारा एक काठियावाडी कारागीर राहत असे. त्याच्या मुलीच्या लग्नातल्या ओढणीचा रंग मी घाघऱ्याशी जुळवून दिला होता. त्याने नवा काटा घेतला तेव्हा जुना माझ्या हातावर ठेवला आणि तंबी दिली, "बसो ग्राम सुधी ज, हं. वधारे मूकशो तो रिसाई जशे." दोनशे ग्रॅमच्या वर ठेवलेत तर रुसेल!

रुसणारे यंत्र मला फार आवडले. शर्टाच्या खिशात ते सहज मावे. झाकण उघडले की तेच पारडे. त्याच्यावर वाटी ठेवून एक बटण दाबले की वाटी असूनही नसल्यासारखी होई आणि आकडा शून्यावर येई. त्या बटणाचे मला तेव्हा केवळ कौतुक वाटे.

मग मी घरात दिसेल ते तोलू लागलो. गावी पाठवायच्या पाकिटाला तिकीट किती लागेल, वेलदोड्याच्या पुडीत पुडीचेच वजन किती, मुलाचे जावळ काढले ते किती भरले. शेजारच्या बायका जोडवी घेऊन येत, हिंगाची डबी घेऊन येत. पत्नी चहाची पूड टाकायला गेली की मी तिच्या हातातला डबा घेऊन काट्याशी बसे. त्या काट्याला वारा सोसत नसे. पंख्याची झुळूक लागली तरी आकडे नाचू लागत, म्हणून वजन करताना पंखा बंद करावा लागे. आणि सुरतेत, पत्र्याखालच्या खोलीत, उन्हाळ्यात पंखा बंद करणे म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक.

"अहो, जिऱ्याला घाम येत नाही," पत्नी पदराने मान पुसत म्हणे, "मला येतो. लावा तो पंखा."

"एक मिनिट. अजून स्थिर झालं नाही."

"ते होईल हो स्थिर. मी वितळल्यावर होईल."

आईला या साऱ्याची गंमत वाटे. ती आमच्याकडे आली की पानाचा विडा काट्यावर ठेवायला लावी आणि आकडा ऐकून मान डोलावी, जणू विड्याची चव त्याने वाढली. घरात आम्ही सगळेच अहिराणी बोलत असू. इतरांचे बोलणे मी इथे नेहमीच्या मराठीत दिले आहे. आईचे तेवढे तिच्याच बोलीत ठेवतो, कारण दुसऱ्या कोणत्याही भाषेत तिचा आवाज मला ऐकू येत नाही.

आता श्रावणाकडे यायला हवे. आम्हा खानदेशी लोकांच्या घरी श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवीची स्थापना होते आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे जाडसर पोळ्या, करतात. आमच्या घरची रीत अशी : कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे. ते माप घरातल्या सर्वांत वडील बाईने घ्यायचे. एकदा देवीच्या नावाने घेतलेला दाणा परत सुपात टाकायचा नाही. त्या पिठाचे रोट केवळ घरच्या माणसांनी, म्हणजे मुलांनी, सुनांनी, नातवांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेपूर्वी संपवायचे. सुरतेला आलो तरी आईने यातले काही सोडले नव्हते. चक्कीवाला गुजराती होता, पण त्या दिवशी तोही आधी जाते साफ करून ठेवी.

आमच्याकडे पाच पुरुषांचे माप घेत : दादा, त्याचे दोन मुलगे, मी आणि माझा मुलगा.

खरे तर आम्ही भाऊ तिघे. धाकट्याचे लग्न दादाने गावाकडे ठरवले होते, मुलीच्या वडिलांना शब्द दिला होता. धाकट्याने तो नाकारला आणि सुरतेतल्याच एका गुजराती मुलीशी कोर्टात लग्न केले. चारचौघांत दादाची मान खाली गेली. धाकटा सुरतेजवळच्या सचिन गावी राहायला गेला, तिथल्याच एका कारखान्यात लागला. दादाने घरात सांगून टाकले, त्याचे नाव इथे घ्यायचे नाही. माणूस रागावतो तेव्हा असे बोलतो. पण दादाचा राग बोलून संपणारा नव्हता. नाव खरोखरच थांबले. मीही घेतले नाही. सचिन किती जवळ होते! तरी मी गेलो नाही. दादाचे मन दुखवायचे नाही, असे मी स्वतःला सांगत असे. त्यात माझा आळस आणि भित्रेपणा किती होता, हे तोलायचा काटा मात्र मी कधी खिशातून काढला नाही.

त्या वर्षी आईची बोटे आखडली. उजव्या हाताची मूठ पुरती मिटेना. पोळी मोडायलाही तिला दोन्ही हात लागत. श्रावण जवळ आला तशी वहिनी, म्हणजे दादाची बायको, अगदी मायेने म्हणाली, "आई, यंदा माप मी घेऊ का?"

आईचा चेहरा एकदम उतरला. "काबरं? मी आजून जित्ती शे."

वहिनी बिचारी ओशाळली. तेव्हा मला एक युक्ती सुचली आणि ती सुचल्याचा फार आनंद झाला. मी म्हणालो, "आई, तुझी मूठच तोलून ठेवू. दुपारी तेल लावून शेकल्यावर बोटं जरा मिटतात ना, तेव्हा मूठभर गहू घे. वजन कळलं की झालं. मग हात साथ देवो न देवो, माप तुझंच."

"म्हंजे मनी मूठ आते तुना खिशामा ऱ्हाई का?" माझी मूठ तुझ्या खिशात राहणार का, असे म्हणून ती हसली. पण तिने मूठ भरून दिली. पुन्हा दिली, पुन्हा दिली. सरासरी चाळीस ग्रॅम निघाले. पाव मूठ त्यात मिळवली की पन्नास.

दादा खूश झाला. "पाच माणसांचे अडीचशे. झालं! यंदा कानबाईचा हिशेब एकदम पक्का."

आईचे हसू तिथेच थांबले. दादाकडे, मग काट्याकडे तिने पाहिले. मला वाटले, यंत्राने देवाचे माप घ्यावे हे तिला पटत नसेल. मग ती म्हणाली, "दाणा मनाच हातखाल पडी. मंग तू मोज." दाणा माझ्याच हातून पडेल, मग तू तोल. मी ते आनंदाने कबूल केले. तिच्या आग्रहामागे काही असेल असे माझ्या मनातही आले नाही.

रविवारी सकाळी आम्ही भेस्तानला जमलो. आई आंघोळ करून, ओले केस पाठीवर सोडून, सुपापुढे बसली. मूठ मिटत नव्हतीच. ती ओंजळीच्या आधाराने थोडे थोडे गहू उचलत होती, ओठ हलवीत कुणाचे तरी नाव मनात घेत होती आणि पदराआडून पातेल्यात सोडत होती. बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही. तिचे झाल्यावर पातेले माझ्यापुढे सरकले. मी काटा काढला, पाटावर ठेवला आणि म्हणालो, "पंखा."

"आला यांचा पंखा," पत्नी पुटपुटली आणि तिने बटण बंद केले.

काटा दोनशेलाच रुसणारा, म्हणून मी वाटीवाटीने तोलू लागलो. दादा शेजारी मांडी घालून बसला होता. लहान मुलाने आगगाडी पाहावी तसा तो आकड्यांकडे पाहत होता. शेवटची वाटी झाली.

"बोल, किती?"

"तीनशे दोन," मी म्हणालो.

लॅबमध्ये रंगखात्याचा मास्तर विचारायचा आणि मी असाच सांगायचो. आकडा डोळ्यांतून थेट तोंडात यायचा, मध्ये कुठे थांबायचा नाही.

"अडीचशे पाहिजे ना रे?" दादा म्हणाला. "पुन्हा कर."

मी पुन्हा केले. पुन्हा तीनशे दोन. मी मान वर केली आणि मला आईचे हात दिसले. ती दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, चोरी पकडलेल्या मुलीसारखी बसली होती. तेव्हा मला कळले. पन्नास ग्रॅम जास्त म्हणजे हात थरथरून सांडलेले दाणे नव्हते. ती पुरी सव्वा मूठ होती. तिच्या हाताने माप घेण्याचा हट्ट त्या एका मुठीसाठी होता; आणि मी ती मूठ सगळ्यांदेखत मोजून दाखवली होती.

दादालाही कळले. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, एक माणूस जास्त झाला."

"जास्ती नही," आई खाली पाहूनच म्हणाली. "तितलाच शेत. माले तीन आंडोर शेत."

मला तीन मुलगे आहेत. इतकेच. दादाने माझ्याकडे पाहिले. "त्यातले पन्नास काढ."

माझा हात हलला नाही. हे धैर्य नव्हते. मला खरोखर काही सुचतच नव्हते. बोलली ती वहिनी. इतक्या वर्षांत दादापुढे तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

"देवीच्या नावाने घेतलेला दाणा माघारी जात नाही," ती पातेले उचलत म्हणाली. "मी नवी होते तेव्हा माझ्याकडून चार दाणे परत सुपात पडले, तर केवढे ओरडला होतात. आठवतं?"

दादा उठला. जाता जाता त्याने पंख्याचे बटण दाबले, आणि सुपातला कोंडा साऱ्या खोलीभर उडाला.

चक्कीच्या वाटेवर वहिनीने मला सांगितले, "भाऊजी, हे काही यंदाच नाही. तो गेल्यापासून दर वर्षी एक रोट उरतो. सगळे जेवले की आई तो दुधात कुस्करून खातात. शिळा झाला तरी खातात. मला वाटायचं, म्हातारपणी भूक वाढली असेल."

मी ऐकत चाललो होतो. वाटी ठेवून शून्याचे बटण दाबावे, तसे आम्ही एका माणसाला असून नसल्यासारखे केले होते; आणि आई तिच्या परीने दर वर्षी त्याचे वजन परत मांडत होती, स्वतःच्या पोटात.

देवी बसली, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत गेली. रोट वाटले गेले, आणि एक रोट डब्यात उरला. आई त्याला शिवेना. दादाने जेवताना विषय काढला, "आई, तो खाऊन टाक बरं. पौर्णिमा आली."

"यंदा मी खावाव नही. ज्याना शे त्यानीच खावा." ज्याचा आहे, त्यानेच खायचा.

वहिनीने मला नंतर सांगितले, की दादाने एकदा स्वतःच डबा उघडला, रोटाचा कोपरा मोडला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. मग हात धुऊन बाहेर जाऊन बसला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मी कामावरून नुकताच आलो होतो, तर दादा दारात उभा. बगलेत फडक्यात बांधलेला डबा. तो सहसा आमच्याकडे येत नसे; आला तर निरोप धाडून येई. पत्नीने पाणी दिले. त्याने ते सावकाश संपवले.

"तुझा तो काटा चालू आहे ना?"

"आहे की."

"मग याचं वजन कर. सुकून कमी झाला का बघ."

मी काटा काढला. पत्नीने न सांगता पंखा बंद केला आणि तोंडाला पदर लावून मोरीकडे वळली. मी रोट पारड्यावर ठेवला, आकडा सांगितला. दादाने गंभीरपणे मान हलवली. तो आकडा जास्त की कमी, हे त्याला वा मला, कुणालाच ठाऊक नव्हते.

"सचिनला बस कुठून मिळते रे?" त्याने विचारले.

"आपल्या नाक्यावरूनच. चल, मी येतो बरोबर."

"मी कशाला? मला काम आहे." तो एकदम उठला. "तूच जा. आत्ताच जा, म्हणजे अंधाराच्या आत पोचशील. आणि मी आलो होतो म्हणून सांगू नको."

"मग काय सांगू?"

चपला घालता घालता तो थांबला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सांग, वजनात निघालास."

सचिनच्या बसमध्ये मी डबा मांडीवर धरून बसलो. पत्ता आईने त्या आठवड्यातच माझ्या कानावर घातला होता. तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण पाण्याच्या टाकीपासून डावीकडचे तिसरे दार, दारात तुळस, एवढे तिला पाठ होते. कुणाकडून कळले, हे मी विचारले नाही. तुळस होती. धाकट्याने दार उघडले आणि मला पाहून तो घाबरला.

"भाऊ? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. हे घे."

त्याने डबा उघडला. वास आला, आणि पुढे सांगायची गरज उरली नाही. तो भिंतीला टेकून खालीच बसला. "दादाला माहीत आहे?"

सांगू नको असे बजावले होते. मी सांगितले. काट्यापासून बसच्या चौकशीपर्यंत सारे सांगितले. "वजनात निघालास, म्हणाला." धाकटा हसायला लागला आणि मध्येच त्याला ते हसू आवरून डोळे पुसावे लागले.

त्याची बायको आतून पाणी घेऊन आली होती. ती डब्याकडे पाहत उभी राहिली. मग संकोचत तिने विचारले, "भाई, मारे खवाय?" मी खाल्ला तर चालेल का? रोटाचा नियम त्याने तिला कधी तरी सांगितलेला असणार.

"फक्त घरच्यांनीच खायचा असतो," मी म्हणालो. तिचा हात मागे गेला, तेव्हा माझे वाक्य अर्धेच राहिल्याचे माझ्या ध्यानात आले. "म्हणून तर तुम्हाला खावाच लागेल."

धाकट्याने रोट मोडला आणि लहानपणी वाटणी करताना धरायचा तसे दोन्ही तुकडे डोळ्यांसमोर धरले. "तिचा मोठा झाला."

"घे," मी खिशातून काटा काढला.

आम्ही दोघे जमिनीवर वाकून रोटाचे तुकडे तोलत होतो, चिमटीचिमटीने इकडचे तिकडे करीत होतो. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "केवा भाईओ छे!" कसले हे भाऊ! पंखा बंद करायचे आम्हाला सुचलेच नाही, आणि आकडे शेवटपर्यंत नाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन भेस्तानला गेलो. पौर्णिमा होती. दादा कॉटवर वर्तमानपत्र वाचत होता. आईने डबा दोन्ही हातांत घेतला.

"खादा?"

"खाल्ला."

"तिनीबी?"

"तिनेही."

तिने मान डोलावली. मी मग जे सांगायला आलो होतो ते सांगितले : त्या दिवशी तो आकडा मी तसा सगळ्यांसमोर बोलायला नको होता.

"बरं झायं बोलना," ती म्हणाली. "आजून कितला वरीस मीच खावू?"

तिने माझे ओझे असे सहज उतरवले. मी मात्र ते पूर्ण खाली ठेवलेले नाही. आकडा बरोबर होता म्हणून तो बोलणारा बरोबर होता, असे मला आजही म्हणवत नाही. त्या सकाळी वहिनी बोलली नसती तर काय झाले असते, हा विचार कपाट उघडताना अजून येतो.

आईने डबा हलवला, तर आत काही वाजले. धाकट्याच्या बायकोने डबा रिकामा धाडला नव्हता. आत खडीसाखर होती, कागदात नीट गुंडाळलेली. सवयीने माझा हात खिशाकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पंखा चालू ऱ्हाऊ दे."

आखडलेल्या बोटांनी तिने एक खडा कसाबसा उचलून तोंडात टाकला. दुसरा मला दिला. कॉटवरचे वर्तमानपत्र जागचे हलले नाही. पण त्याच्या खालून दादाचा हात बाहेर आला, तळवा वर करून, आणि आईने त्याच्यावर साखर ठेवीपर्यंत तसाच राहिला.